कोंडाजींच्या कानाची साक्ष

कोंडाजी त्या दिवशी पडले नाहीत, याचं श्रेय कैलासला द्यायला हवं.

उल्हासनगरात फर्निचरच्या एका दुकानाच्या डोक्यावर जो हॉल आहे, तिथे दर रविवारी एक ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला भरते. खाली सोफे विकले जातात, वर लोक सतरंजीवर बसतात. पास्टर अनीश डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागले की पुष्कळांना उभं राहवत नाही. पवित्र आत्म्याचा स्पर्श होतो आणि माणूस झाडासारखा मागे जातो. झाड जमिनीवर आपटू नये म्हणून मागे एकजण हात पसरून उभा असतो. त्या रविवारी ही सेवा कैलासकडे होती. कैलास अंगाने काडी, आणि शर्टाच्या आत कमरेला दुखण्याचा पट्टा. कोंडाजींनी प्रार्थनेआधी मागे वळून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एकदा स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग मनाशी ठरवलं की आत्म्याचा मान राखायचा झाला तर या पोराचं कंबरडं जातं. आपण आपले उभेच राहू.

कोंडाजी या मंडळीचे नव्हते. ते अंबरनाथचे, शिवमंदिराकडच्या रस्त्याला राहणारे, दर सोमवारी अंब्रेश्वराला जाऊन येणारे. उभी हयात त्यांनी लोखंड ठोकून घडवणाऱ्या एका कारखान्यात, मोठ्या हॅमरवर काढली. तो कारखाना कधीच बंद पडला. त्याचा आवाज मात्र कोंडाजींच्या कानांत बरीच वर्षं चालू राहिला आणि शेवटी तोही थांबला. आता कानात मशीन घातलं तर थोडंफार ऐकू येई. मशीन नसलं की कापूस.

मंडळीच्या होत्या त्या बनूबाई, कोंडाजींची बायको. त्यांचा एकुलता मुलगा अक्षय काटई रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्यानंतर बनूबाईंची झोप गेली ती गेलीच. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, भावकीतल्या जाणत्यांनी सुचवलेले उतारे झाले. मग शेजारच्या एका बाईबरोबर या मंडळीतल्या दोघीतिघी घरी आल्या. त्यांनी काही समजावलं नाही, हे विशेष. घरात दुःख झालं की समजावणारे फार येतात. या बायका नुसत्या बनूबाईंचा हात धरून बसल्या, गाणी म्हणाल्या, रडल्या, पुन्हा दुसऱ्या दिवशी आल्या. एका दुपारी बनूबाई त्यांच्यातल्याच एकीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या, त्या दिवेलागणीला उठल्या. त्या दिवसापासून कोंडाजींनी मंडळीविरुद्ध एक शब्द काढला नाही. भावकीत दुसऱ्या कुणी काढला, तर ते कानातलं मशीन काढून खिशात ठेवत.

बनूबाईंनी बाप्तिस्मा घेतला तोही जांभूळकडे, नदीत. जांभूळ त्यांचं माहेर. लहानपणी ज्या पाण्यात म्हशी धुतल्या त्यातच पास्टरांनी त्यांना पुरतं बुडवून वर काढलं. "पाणी तेच हाय," त्या घरी येऊन म्हणाल्या, "बाई दुसरी."

दुसऱ्या बाईने पहिलीच्या सवयी फारशा सोडल्या नाहीत. देवाऱ्याला त्या हात जोडत नसत, पण सोमवारी कोंडाजींच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी त्यांच्याच हातची असे. देव वेगळा झाला म्हणून नवऱ्याला उपाशी मारावं असं बायबलाच्या वचनात कुठे लिहिलेलं नाही, हे त्यांचं म्हणणं. कोंडाजींनाही त्यांच्याकडून ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं. देव जुना झालेला नाही, तो आजही बोलतो. आजही आजाऱ्याला बरं करतो. पवित्र आत्मा माणसाच्या आत राहायला येतो आणि आला की माणूस न शिकलेली भाषा बोलतो. येशू परत येणार आहे, आणि ते लवकर. आणि देवाने काही केलं तर ते पोटात ठेवायचं नाही, चारचौघांत उभं राहून तोंडाने सांगायचं. त्याला साक्ष म्हणतात. यातलं बरंचसं कोंडाजींना पटण्यासारखं वाटे. शंकराच्या दारातही लोक बरं व्हायलाच येतात. त्यांची तक्रार एवढीच, की देवाला इतकं मोठ्याने कशाला सांगायला लागतं. अंबरनाथात ही तक्रार असणारा बहिरा बहुधा एकच होता.

"तुमी एकदा या," बनूबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी. परत नाय म्हणणार."

म्हणून ते गेले. स्पीकर सुरू झाले तसं मशीन कानात शिट्ट्या मारू लागलं, म्हणून ते कानातून निघून शर्टाच्या खिशात गेलं. आणि मग तो प्रकार झाला.

पास्टर अनीश हा चाळिशीचा मनुष्य, आधी एमआयडीसीत रंगकाम करायचा. त्याने कोंडाजींच्या दोन्ही कानांवर तळवे ठेवले आणि तो प्रार्थना करू लागला. घाम त्याच्या कपाळावरून नाकावर आणि नाकावरून खाली. कोंडाजींना त्याची दया आली. बऱ्याच वेळाने पास्टरने हात काढले आणि तो त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. समोर पहिल्या रांगेत बनूबाई. त्यांचे ओठ हलले. हालेलुया.

आता हॅमरवर काम केलेल्या माणसाची गोष्ट अशी, की कान शाबूत असतानाही त्याला कानाचा उपयोग नसतो. तिथे सगळी बोलणी ओठांवरून चालतात. शिव्या, चेष्टा, लग्नाची बोलणीसुद्धा. आपण पाटी वाचतो तसं कोंडाजी समोरच्याचं तोंड वाचत, वाचलं हे न कळता. आणि इथे कुणी हालेलुया म्हटलं की आपणही म्हणायचं, हा शिष्टाचार त्यांनी तासाभरात उचललेला होता. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "हालेलुया."

बनूबाईंचे ओठ पुन्हा हलले. "येशू," कोंडाजी म्हणाले.

कान उघडला का ते बघायला पास्टर मागून तेच शब्द म्हणत होता आणि बनूबाई आपल्या नकळत ते पुटपुटत होत्या, हे कोंडाजींना कळलं तेव्हा हॉल उभा राहिला होता. लोक नाचत होते. बनूबाई सतरंजीवर मटकन बसल्या होत्या आणि तोंडावर पदर घेऊन हुंदके देत होत्या. अक्षयच्या वेळी त्यांना असं रडता आलं नव्हतं. कोंडाजींचा हात खिशातल्या मशीनकडे गेला. बनूबाईंनी मध्येच तो धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. कोंडाजींनी तो तिथेच राहू दिला.

सांगायचं राहून गेलं ते असं.

त्या रात्री सांगता येईना. दुसऱ्या दिवशी बनूबाई शेजारणीला सांगायला गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी माहेरी जांभूळला. देवाने माझ्यासाठी काहीतरी केलं, हे त्या ज्या तोंडाने सांगत त्या तोंडाकडे पाहून कुठल्या नवऱ्याला खरं बोलवलं असतं? मशीन घराबाहेर निघे, चहाच्या टपरीवर कानात जाई आणि घराच्या वळणावर पुन्हा खिशात येई.

घरात मात्र पंचाईत. बनूबाईंना पाठमोरं बोलायची सवय. गॅसकडे तोंड, बोलणं नवऱ्याशी. तेव्हा कोंडाजी स्वयंपाकघरात जाऊ लागले. ओट्याच्या टोकाला स्टूल टाकून मेथी निवडायला बसत, लसूण सोलत, आणि नजर बायकोच्या तोंडावर. इतकी वर्षं संसार झाला, पण बायकोचा चेहरा इतका वेळ त्यांनी लग्नातही पाहिला नव्हता. तेव्हा मध्ये अंतरपाट तरी होता.

"देवानं नुसता कान नाय उघडला," बनूबाई मंडळीतल्या बायकांना सांगत, "स्वभाव पण उघडला. माणूस बोलायला लागला."

माणूस बोलत नव्हता, बघत होता. पण समोरचा बघतोय म्हटल्यावर बोलणाऱ्याला बळ येतं. एका सकाळी भाकरी थापता थापता बनूबाई अक्षयचं बोलू लागल्या. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. लहानपणी तो कसा चुलीतला कोळसा खायचा, पहिल्या पगाराचा त्याने वडिलांना बेल्ट आणला आणि तो कसा पोटाला पुरला नाही. अक्षय हा शब्द ओठांवर जवळपास दिसत नाही, तो आतल्या आत होतो. कोंडाजींना तो बायकोच्या डोळ्यांवरून कळे.

एकच गोष्ट त्यांना वाचता येत नसे. पहाटे बनूबाई भिंतीला टेकून त्या न शिकलेल्या भाषेत प्रार्थना करत. ओठ भराभर हलत, आणि सगळ्या कारखान्याची तोंडं वाचलेल्या माणसाला त्यातलं एक अक्षर लागत नसे. पहिल्यांदा त्यांना वाटलं, डोळेही गेले. मग ते नुसते बघत पडून राहत. बाई कुणाशीतरी बोलत होती आणि तिचं ऐकलं जातंय असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एवढं त्यांना पुरे होतं.

हे असंच चाललं असतं. पण शलाका आली.

शलाका बदलापूरची. मंडळीत नवीन, नवरा रिक्षा चालवणारा, आणि मुलगी जिज्ञासा, जन्मापासून ऐकू न येणारी. बुधवारी दुपारी ती पोरीला घेऊन अंबरनाथला घरी आली. बनूबाईंनी चहा टाकला. कोंडाजी समोर बसले.

"आजोबा, डॉक्टर ऑपरेशन बोलतायत," शलाका म्हणाली. "कानाच्या आत मशीन बसवायचं. सरकारी योजनेतून आहे, तारीख पण दिलीय. ते बोलले, पाच वर्षांच्या आत झालं तर बोलायला शिकेल, नंतर फायदा कमी. हिला पाच व्हायला आलीत."

"मग?"

"मग मी तारीख कॅन्सल करणार आहे."

कोंडाजींना वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले.

"डोक्याला भोक पाडणार ना ते लोक. मेरेको नींदच येत नाही. आणि देवाने तुमच्यासाठी केलं तर हिच्यासाठी का नाही करणार? तुमचं वय झालं, ही तर बाळ आहे."

"पास्टर काय म्हणाले?"

"ते बोलले ऑपरेशन कर, डॉक्टरचे हात पण देवाचेच आहेत, आपण प्रार्थना करू. पण आजोबा, पास्टरचा विश्वास आहे. साक्ष तर तुमची आहे ना."

बनूबाईंनी शलाकाच्या पाठीवर हात ठेवला. "थांब तू. आपण दोघी उपास धरू. मी हाय तुझ्यासंगती."

जिज्ञासा आईच्या मांडीवर बसून कोंडाजींच्या तोंडाकडे बघत होती. बघण्याची ती तऱ्हा त्यांच्या ओळखीची होती. शिफ्टला नव्याने लागलेली पोरं जुन्या कामगाराकडे तशी बघत, हा आता काय म्हणेल. कोंडाजींनी चहा बशीत ओतला. पोरगी वाट बघत राहिली.

सोमवारी ते मंदिरात गेले आणि काही न मागता परत आले. बनूबाई पीठ मळत होत्या. स्टूल ओढलं, बसले.

"बने, मना आयकू येत नाय."

बनूबाई हसल्या आणि तोंड जवळ आणून म्हणाल्या, "मी म्हटलं, चटणी लसणाची करू का खोबऱ्याची?"

"ते कळलं मना. ओठ दिसले. कानानं येत नाय. त्या दिवशीबी आलं नव्हतं. पास्टर मागं होता, तू पुढं होतीस. तू बोललीस ते मी बोललो."

मग त्यांनी खिशातून मशीन काढून ओट्यावर पिठाच्या परातीशेजारी ठेवलं. बनूबाईंनी ते पाहिलं आणि पाठ फिरवली. तवा तापला, भाकरी पडली, उलटली, फुगली. त्या पाठमोऱ्या काही बोलल्या असतील तर कोंडाजींना कळायचा मार्ग नव्हता, आणि या घटकेला मशीन उचलून कानात घालणं त्यांना चोरून ऐकल्यासारखं वाटलं. भाकरी उतरवून त्या वळल्या.

"मी अक्षयचं बोलले, तेबी आयकलं नाय तुमी?"

"एकूणएक समजलं. कोळशाचं, बेल्टचं. आवाज तेवढा नव्हता."

बनूबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. एरवी त्या असं कधी करत नसत.

"मी जांभूळपर्यंत सांगून आले," त्या म्हणाल्या. "वहिनी हसत होती मना. तिला म्हटलं, तू हस, देव करतो."

"मी सांगतो सगळ्यांना. रविवारी येतो."

"तुमी काय सांगणार. साक्ष तुमी दिली नाय, मी दिली. मीच मागं घेईन."

त्यानंतर रविवारपर्यंत घरात बोलणं बंद. जेवण वेळेवर वाढलं जाई, चटणी लसणाची असे. कोंडाजी आता दिवसभर मशीन घालून हिंडत. पंखा, कुकर, शेजारचा टीव्ही, सगळं ऐकू येई. ऐकण्यासारखं काही मात्र नव्हतं.

मंडळीत साक्ष देण्याची रीत आहे. साक्ष परत घेण्याची नाही. त्यामुळे रविवारी बनूबाई माइकसमोर उभ्या राहिल्या तेव्हा कीबोर्डवाल्याने नेहमीप्रमाणे हळू सूर धरला आणि पुढच्या रांगेने नेहमीप्रमाणे "प्रेज द लॉर्ड" म्हटलं. कोंडाजी दाराशी उभे होते.

"माझ्या मालकांचा कान उघडला नाय," बनूबाई म्हणाल्या.

अर्धा हॉल सवयीने "हालेलुया" म्हणून मोकळा झाला. उरलेल्या अर्ध्याने त्याला कोपराने गप्प केलं. कीबोर्डवाल्याने एक सूर जास्तच वाजवला आणि हात मांडीवर घेतले.

"मी घाई केली. ते माझं तोंड बघून बोलले, आणि मना वाटलं देवानं केलं. मंग मी सगळीकडं सांगत गेले. ते गप बसले ते माझ्यामुळं, त्यांना कोणी काय बोलायचं नाय." कुणीतरी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. "देव बरं करतो. माझी झोप त्यानं दिली, ती मी मागं घेत नाय. कान मागं घेते. आणि शलाका, पोरीला घेऊन जा. तारीख चुकवू नको."

अशा वेळेला लागणारा शब्द हॉलमध्ये तयार नव्हता. पास्टर अनीश पुढे आला, बनूबाईंच्या शेजारी उभा राहिला आणि थोड्या वेळाने, माइक नसलेल्या बाजूला तोंड करून, "आमेन" म्हणाला.

मग तो दाराशी कोंडाजींकडे आला. "तेव्हा मला सांगायचं ना, काका."

"तुम्ही फार दमला होता," कोंडाजी म्हणाले.

"मी एवढी वर्षं प्रार्थना करतो," पास्टर म्हणाला, "कान उघडताना कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, चला, झालं." आणि तो किंचित हसला. कोंडाजींना पुन्हा त्याची दया आली. या वेळी त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बनूबाईंना शलाका जिन्यात सापडली. जिज्ञासाला कडेवर घेऊन, रागाने लाल.

"मी आता कशावर विश्वास ठेवू, आजी? बोला ना. तुमच्या भरवशावर मी घरी भांडले."

बनूबाई दोन पायऱ्या खाली उतरल्या, म्हणजे दोघींची तोंडं समोरासमोर आली. "तोवर माझ्यावर ठेव," त्या म्हणाल्या. "आता काय मोठं बोलत नाय मी. मी येते हॉस्पिटलात. बसते तुझ्याजवळ. माझ्यापाशीबी बायका अशाच बसल्या होत्या."

शलाका तशीच जिना उतरून गेली. पण तारखेच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला, किती वाजता निघायचं ते विचारायला. फोन कोंडाजींनी घेतला आणि निरोप पहिल्या झटक्यात बरोबर घेतला. बनूबाईंनी तो ऐकून "बरं" म्हटलं. रविवारनंतरही घरात अबोलाच होता, त्यातला हा पहिला शब्द. तिघी मुंबईला निघाल्या तेव्हा कोंडाजीही न विचारता बरोबर निघाले, आणि कुणी त्यांना नको म्हटलं नाही.

सकाळी पोरीला आत नेलं. न्यायच्या आधी बनूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो ओझरता, पोरगी घाबरू नये इतपत. मग त्या बाकावर बसल्या, शलाकाचा हात मांडीवर घेतला आणि प्रार्थना करू लागल्या. आधी मराठीत, मग त्या दुसऱ्या भाषेत. कोंडाजींच्या कानात मशीन होतं. ती भाषा त्यांनी आज पहिल्यांदा ऐकली. नदीत कपडे आपटावेत तशी तिची लय होती. अर्थ अर्थातच लागला नाही.

वॉर्डातली एक मावशी येऊन म्हणाली, "आवाज कमी करा जरा. पेशंट आहेत."

"थोडं चालू द्या, मावशी," कोंडाजी म्हणाले. "आत ते त्यांचं काम करतायत. हिचं हे काम आहे."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, शलाकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती "हळू करा" एवढंच म्हणून गेली. बनूबाईंनी डोळे उघडले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी नवऱ्याकडे सरळ बघितलं.

"नुसते बसलाव काय," त्या म्हणाल्या. "तुमच्या देवाला सांगा."

"त्याला सोमवारी सांगितलं."

"मंग आज माझ्याला सांगा."

"माझी ओळख नाय."

"करून घ्या. तो आयकतो."

शलाका डोळे पुसता पुसता हसली. कोंडाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि डोळे मिटले. अनोळखी देवाशी सुरुवात कुठून करावी ते त्यांना उमगेना. म्हणून कारखान्यात नवीन साहेबासमोर उभं राहिलं की सांगत, तसं त्यांनी आधी आपलं नाव सांगितलं, मग राहण्याचं ठिकाण सांगितलं, शेजारी बसली आहे ती माझी मंडळी असं सांगितलं, आणि मग पोरीचं नाव घेतलं.